खानदेशचा वाया जाणारा हिवाळा

‘तिकडे परदेशात गुडघाभर बर्फ पडतो, तरी रस्ते गुळगुळीत, आणि इकडे एक पावसाळा झाला की रस्त्याची चाळण!’ धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या एस.टी.च्या गाडीत हे उद्गार ज्याने कधी ऐकले नाहीत असा प्रवासी विरळा. त्यावर शेजारचा गृहस्थ दोहोंपैकी एक उत्तर हमखास देतो. एक, ‘ते श्रीमंत, आपण गरीब’. दुसरे, ‘तिकडे पैसे खात नाहीत’. दोन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. विचार तेथेच थांबतो आणि गाडी पुढच्या खड्ड्यात आदळते. वस्तुतः थंड देशांच्या रस्त्यांकडे पाहून खानदेशाने जे शिकावयाचे आहे, त्याचा संबंध पैशाशी आहे त्याहून अधिक वेळेशी आहे. त्या देशांना हिवाळा नडतो. खानदेशाला तो उपयोगी पडावयास हवा. आणि नेमका तोच येथे वाया जातो.

मालाचा आणि माणसांचा हंगाम

खानदेशचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की त्याची बातमी होते. येथील हिवाळ्याची वार्ता मात्र फारशी दूर जात नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे वारे सुटले की धुळ्याचे किमान तापमान कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. रावेर-यावलकडील केळी बागायतदाराला तेव्हा झोप लागत नाही, कारण अशी थंडी टिकली की केळीची वाढ खुंटते. फळपीक विम्याच्या योजनेतही केळीसाठी कमी तापमान हा स्वतंत्र धोका मानलेला आहे. दुपारी मात्र आकाश निरभ्र, ऊन सोसवणारे आणि जमीन कोरडी असते. हे शेताशेतांतून भरताची वांगी भाजण्याचे दिवस. आणि कापूस, मका, ऊस, केळी, पपई वाहून नेण्याचेही हेच दिवस. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि घोड्यांच्या बाजाराला दूरदूरचे लोक येतात. माल आणि माणसे या दोहोंचा भार येथील रस्त्यांवर याच महिन्यांत मोठ्या प्रमाणावर पडतो.

हा भार केवळ टनांत मोजावयाचा नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन निघालेला ट्रक यावल तालुक्यातील किनगावजवळ रात्रीच्या वेळी उलटला. मालाबरोबर त्याच ट्रकमधून गावी परतणारे किमान पंधरा मजूर त्यात दगावले. प्रत्येक अपघाताचा दोष रस्त्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि ज्यांच्या नशिबी मालाच्या गाडीतूनच घरी परतणे असते, त्यांच्यासाठी रस्ता कसा आहे हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे लाख लोकसंख्येमागे सुमारे बारा. वर्षातील कित्येक महिने बर्फात काढणाऱ्या स्वीडनमध्ये हेच प्रमाण सुमारे दोन आहे. हवामान हेच जर रस्त्याच्या भल्याबुऱ्याचे कारण असते, तर हे आकडे उलटे असावयास हवे होते.

बर्फ आणि काळी माती

थंडीच्या देशांत रस्ता फुटतो तो मुख्यतः वरून पडणाऱ्या बर्फामुळे नव्हे. तो यंत्राने खरवडून बाजूला सारता येतो. खरा शत्रू रस्त्याच्या पोटातले पाणी. पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते; शिवाय गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी वर ओढून घेतो, बर्फाचे थर साचत जातात आणि रस्ता वर उचलला जातो. वसंतात हा बर्फ वरून वितळू लागतो. पण खालची जमीन अजून गोठलेलीच असल्याने पाण्याला वाट मिळत नाही. रस्त्याखाली अक्षरशः चिखल होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून एक प्रसिद्ध चाचणी घेण्यात आली. तीतही रस्त्यांची मोडतोड सर्वाधिक झाली ती या वितळण्याच्या दिवसांतच.

आता खानदेशची काळी जमीन पाहावी. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की पाय आत जावा. पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन फुगते आणि तिची भार सोसण्याची शक्ती नाहीशी होते. तिच्यावर टाकलेला खडी-डांबराचा पातळ थर मातीबरोबर वर येतो, खाली बसतो आणि अखेरीस कडेने तुटू लागतो. फिनलंडमध्ये जे काम गोठणारे पाणी करते, तेच येथे भिजणारी माती करते. निसर्गाने दोघांसमोर एकच प्रश्नपत्रिका ठेवलेली आहे. केवळ परीक्षेचा महिना निराळा आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच सापडलेले आहे. स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम याने सांगून ठेवले की वाहनाचा भार खऱ्या अर्थाने पेलते ती रस्त्याखालची मूळ जमीन. ती कोरडी राखली म्हणजे ती कोणताही भार सोसते. जिल्हा परिषदेच्या कागदांत ‘डब्ल्यूबीएम’ म्हणून जो रस्ता नोंदला जातो, त्यातील शेवटचे अक्षर याच मॅकॅडमचे. त्याचे नाव प्रत्येक अंदाजपत्रकात राहिले. परंतु त्याने घालून दिलेला नियम बाजूच्या गटारीत बुजून गेला. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, गटार मातीने भरलेले, मोरीचे तोंड बंद आणि पाणी डांबरावर उभे, हे दृश्य पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

गरिबीची सबब

श्रीमंतीचा मुद्दा येथे तपासून पाहावा. फिनलंडची लोकसंख्या सुमारे छप्पन्न लाख. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची मिळून सुमारे त्रेसष्ट लाख होती. एवढ्याशा लोकसंख्येचा हा देश सुमारे ७८,००० किलोमीटर सरकारी रस्ते सांभाळतो. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रस्त्यांवर आजही डांबर नाही. ते खडी-मुरमाचेच आहेत. प्रत्येक रस्ता डांबरी झालाच पाहिजे असा हट्ट त्या श्रीमंत देशाने धरलेला नाही. मात्र खडीच्या रस्त्याला घासून आकार द्यावा लागतो, त्याचे गटार मोकळे ठेवावे लागते आणि बर्फ वितळण्याच्या काळात तो दुबळा झाला की त्यावरून अवजड वाहने जाऊ द्यावयाची नाहीत, हे नियम तेथे पाळले जातात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातही वसंतातील काही आठवड्यांसाठी ट्रकच्या वजनावर अशीच मर्यादा घातली जाते. फिनलंडमध्ये हिवाळा आला की हमरस्त्यांवरील वेगाची मर्यादाही उतरविली जाते. यांतील कितीशा गोष्टींना अफाट संपत्ती लागते? बरेचसे काम वेळीच लावलेल्या एका फलकाचे आणि तो फलक पाळून घेणाऱ्या यंत्रणेचे आहे.

तेथे सर्व काही आदर्श आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बर्फ वितळविण्यासाठी अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पसरले जाते. त्याने पुलांचे लोखंड गंजते आणि ओढ्या-विहिरींचे पाणी खारट होते. जपानच्या उत्तर भागात घसरण टाळण्यासाठी मोटारींना खिळे ठोकलेले टायर वापरीत. त्या खिळ्यांनी रस्ते घासले जाऊन शहरांत धुळीचे लोट उठू लागले, तेव्हा १९९० मध्ये कायदा करून ते टायर बंद करावे लागले. एकाच्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या फुप्फुसावर पडू देऊ नये, हे अर्थशास्त्राचे तत्त्व तेथे कायद्यात उतरले. चुका त्यांनीही केल्या. पण चुकीची किंमत मोजून पाहिली आणि नियम बदलला.

हवामानाच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करणे भारतीय यंत्रणेला जमत नाही, असेही म्हणता येत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना हिमालयातील खिंडींत बर्फ हटवून रस्ते खुले करते. तेथे कामाचे महिने मोजकेच मिळतात आणि त्या महिन्यांभोवतीच सारी आखणी फिरते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा हे याच संघटनेचे काम. तिच्या मनुष्यबळाचे प्रशिक्षण केंद्र तर पुण्याजवळ दिघी येथेच आहे.

अर्थसंकल्पाचे वर्ष आणि रस्त्याचे वर्ष

आता मूळ मुद्दा. फिनलंडमध्ये डांबराचे काम साधारण मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांतच करता येते. खानदेशात पाऊस ऑक्टोबरच्या प्रारंभी हटतो आणि जूनच्या मध्यास परततो. म्हणजे कामाला आठ महिने मिळतात. त्यांतील नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार तर सर्वोत्तम. हवा कोरडी असते. गरम डांबर अंथरण्यास हवेचे तापमान दहा अंशांहून अधिक असावे लागते. खानदेशच्या हिवाळ्यात सूर्य थोडा वर आला की ते सहज असते. भराव दाबून बसविण्यास पाणी लागते. या दिवसांत गिरणा-पांझरेच्या काठी ते मिळते. मे महिन्यात गावाला प्यावयास टँकर लागतो, तेथे भरावावर शिंपडण्यास पाणी कोठून आणावयाचे? भर उन्हात रापलेल्या मजुराला हिवाळ्यातील काम किती सुसह्य, हे वेगळे सांगावयास नको.

असे असूनही रोलरची घरघर ऐकू येते ती बहुधा मार्चच्या अखेरीस आणि त्यानंतर मे महिन्यात. याचे कारण हवामानात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ही रीत १८६७ पासूनची. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, निधी टप्प्याटप्प्याने खाली उतरतो, तोवर पावसाळा येतो. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर होतात. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, फेरनिविदा. हिवाळ्याचे सोन्यासारखे दिवस फायलींच्या प्रवासात जातात. आणि मार्च समोर दिसू लागला की निधी परत जाईल या धास्तीने डांबर ओतले जाते. जो हंगाम निसर्गाने सलग दिला आहे, तो ३१ मार्चच्या रेघेने मधोमध कापला जातो. अर्धे काम या वर्षाच्या तरतुदीतून, अर्धे पुढच्या. आणि दोहोंच्या मध्ये अर्धवट उघडे पडलेले रस्ते. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता वर्षानुवर्षे खोदलेल्या अवस्थेत कसा होता, हे त्या वाटेने प्रवास केलेला कोणीही सांगेल.

आर्थिक वर्ष बदलावे काय, याचा विचार एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला होता. १९८५ मध्ये तिने वर्ष जानेवारीपासून सुरू करावे असे सुचविले. शासनाने ते स्वीकारले नाही. त्याआधी बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभारण्याची शिफारस केली आणि १९२९ मध्ये तो निधी अस्तित्वातही आला. वर्षागणिक याचना न करता रस्त्यासाठी पैशाचा स्वतंत्र झरा असावा, हा त्यामागील विचार. १९४३ साली देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना आखली गेली तीही नागपुरातच. तेव्हा दूरदृष्टीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही.

क्षमतेचाही अभाव नाही. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. हा तोच महामार्ग, जो पुढे भुसावळ, जळगाव, धुळे असा सुरतेकडे जातो. पाच दिवसांत जर एवढे होऊ शकते, तर चार महिन्यांच्या हिवाळ्यात तालुक्याचा वीस किलोमीटरचा रस्ता होत नाही, याचे कारण यंत्रांत शोधून उपयोग नाही.

दुरुस्तीचे कर्ज

रखडलेल्या दुरुस्तीसाठी फिनिश भाषेत जो शब्द रूढ आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘दुरुस्तीचे कर्ज’ असा होतो. हे कर्ज तेथेही साचते आणि त्याबद्दल तेथेही ओरड होते. परंतु ते कर्ज आहे, त्याला व्याज चढते, हे शब्दातच मान्य केलेले असते. महाराष्ट्रात प्रचलित झालेला शब्द ‘अनुशेष’. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून तो प्रत्येकाच्या तोंडी आहे. अनुशेष म्हणजे जे झालेच नाही ते. जे झाले आणि मोडले त्याची गणना त्यात होत नाही. त्यामुळे नव्या रस्त्याचा नारळ फोडण्यास सर्व पुढे येतात, जुन्या रस्त्याचे गटार साफ करण्यास कोणी येत नाही. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांविषयी जागतिक बँकेने १९९४ मध्ये हिशेब मांडला होता. वेळीच बारा अब्ज डॉलर देखभालीवर खर्चिले असते तर रस्ते नव्याने बांधण्याचे पंचेचाळीस अब्ज डॉलर वाचले असते. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण जनतेने खडी फोडून जे रस्ते उभे केले, त्यांपैकी कितीतरी पुढच्या कामाअभावी पावसाने वाहून नेले. तो घामही याच कर्जात जमा आहे.

भाराचा हिशेबही येथेच मांडावयास हवा. ओटावाच्या चाचणीतून असे दिसले की ॲक्सलवरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. २०१८ मध्ये भारतात चार चाकांच्या एका ॲक्सलवरील भाराची कमाल मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भार वाढला सुमारे तेरा टक्के; याच सूत्राने झीज वाढते सुमारे साठ टक्के. ही झाली कायदेशीर भाराची गोष्ट. रात्री नदीपात्रातून वाळू भरून निघणारा डंपर कोणत्या सूत्रात बसवावयाचा?

काय करता येईल?

आर्थिक वर्ष बदलणे दिल्लीच्या हाती आहे. त्यासाठी खानदेशाने थांबून राहण्याचे कारण नाही. अंदाजपत्रके आणि निविदा पावसाळ्यातच पूर्ण करून दिवाळीपूर्वी कार्यादेश द्यावा आणि होळीपूर्वी काम संपवावे, एवढा नियम जिल्हा पातळीवरही पाळता येण्यासारखा आहे. दुसरे, प्रत्येक रस्त्याच्या तरतुदीतून देखभालीचा वाटा आधी बाजूला काढावा. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामानंतर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच घातलेली आहे. ते तत्त्व इतर रस्त्यांना लावण्यास अडचण नसावी. तिसरे, जून ते सप्टेंबर काळ्या जमिनीवरील ग्रामीण रस्त्यांवर अवजड वाहनांना मर्यादा घालावी. फिनलंड जे वितळत्या बर्फासाठी करतो, ते येथे भिजलेल्या मातीसाठी करावे. चौथे, मृगापूर्वी प्रत्येक मोरी आणि गटार मोकळे झाल्याची नोंद गावाच्या फळ्यावर लागावी.

यावर कोणी म्हणेल की नियम पुष्कळ आहेत, पाळणारा कोण? आक्षेप रास्त आहे. बर्फाच्या देशांत नियम पाळले जातात त्याचे एक कारण असे की तेथे चूक लपत नाही. रस्ता सकाळी मोकळा झाला नाही तर शाळा आणि कारखाना त्याच दिवशी बंद पडतो. खानदेशात मे महिन्यात केलेले काम ऑगस्टमध्ये उखडते; तोवर देयक दिले गेलेले असते आणि दोष पावसाला देता येतो. म्हणून विचारणा उखडल्यावर नव्हे, हिवाळ्याच्या प्रारंभी व्हावयास हवी. गावातील शिक्षक, कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी हेच त्या रस्त्याने रोज जातात, आणि कागद वाचण्याची सवयही त्यांनाच आहे. कोजागिरी झाली की त्यांनी ग्रामसभेत किंवा माहितीच्या अधिकाराखाली दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या रस्त्याचा कार्यादेश निघाला काय? निघाला नसेल तर फाईल कोणाच्या टेबलावर, किती दिवसांपासून आहे? ही उत्तरे नोव्हेंबरात मिळाली तर त्या हिवाळ्यात काम होण्यास वेळ उरतो. जुलैमध्ये मिळालेले उत्तर केवळ पुढच्या वर्षीच्या चर्चेच्या उपयोगाचे.